ब्रंचचे कपडे बसून बघावेत: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ब्रंच हा बसून करायचा कार्यक्रम आहे. उशिरा उठायचं, निवांत आवरायचं आणि मग चार माणसांबरोबर दीड-दोन तास एका टेबलाशी गप्पा मारत बसायचं. चालणं होतं ते दारापासून खुर्चीपर्यंत. तरी कपडे घेताना आपण आरशासमोर उभे राहतो, पोट आत घेतो, एकदा वळून पाठ बघतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. सुट्टीच्या सकाळसाठी म्हणून मी एक छोटा संच वेगळा काढला, त्याला आता बरेच महिने झाले. त्यातलं काय अंगात राहिलं आणि काय कपाटाच्या मागच्या बाजूला गेलं, हे बहुतेक वेळा खुर्चीतच ठरलं.

संच असा: ऑफ-व्हाइट टी-शर्ट, आडव्या निळ्या पट्ट्यांचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, चँब्रेचा शर्ट, सरळ पायाची गडद जीन्स, एक सैल घोळदार पँट, कॉटन-लिननचा मिडी ड्रेस, एक रॅप ड्रेस (पुढे एकावर एक पदर घेऊन कमरेशी बांधायचा), पांढरे कॅनव्हासचे शूज, सपाट सँडल आणि तिरकी अडकवायची छोटी बॅग. यातलं निम्मं घरात होतंच. बाकीचं सेलमध्ये घेतलं, एक-दोन गोष्टी सेकंडहँड. मोजक्या कपड्यांत भागवायची कल्पना जुनीच आहे. १९७०च्या दशकात लंडनमध्ये दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी 'कॅप्सूल वॉर्डरोब' रूढ केला, आणि १९८५ मध्ये अमेरिकन डिझायनर डोना करन यांनी एकमेकांत बसणाऱ्या सात कपड्यांचं कलेक्शन आणलं. पण तो सगळा हिशोब नोकरीला जाणाऱ्या बाईसाठी मांडलेला होता. सुट्टीच्या सकाळी नीटनेटकं दिसायचं असतं, पण फार खटपट केलीये असं दिसायचं नसतं, आणि वर पोटभर खायचं असतं. त्यामुळे हिशोब कमरेपासून बदलतो.

म्हणून आधी कमरेखालचं. गडद जीन्सच्या लेबलवर ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलास्टेन (रबरासारखा ताणला जाणारा धागा) असं लिहिलंय, आणि ते २ टक्के हीच या जीन्सची खरी कमाई आहे. शंभर टक्के कॉटनची जाड डेनिम उभ्याने फार सुरेख दिसते, मी घालून पाहिली होती. पण बसलं की पट्टा पोटात रुततो आणि जेवण अर्ध्यावर आलं की सगळं लक्ष बटणाकडे. उलट ताणलेलं कापड परत नीट आवळलं जात नसेल तर तासाभरात गुडघ्याला फुगवटा येतो आणि उठल्यावर पँट गुडघ्यात वाकलेलीच राहते. ट्रायल रूममध्ये स्टूल असेल तर त्यावर बसा, नसेल तर उकिडवं बसा. कमरेत दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि मागे पट्टा पाठीपासून सुटून वाडग्यासारखा उघडा पडता कामा नये. दुकानातल्या मुली बघतात, बघू देत.

धुण्याचं म्हणाल तर गार पाणी, उलटी करून, आणि सॉफ्टनर अजिबात नाही. गरम पाण्याने आणि ड्रायरच्या उष्णतेने इलास्टेनचा ताण जातो, मग तीच जीन्स कमरेत सैल आणि मांडीला ढगळ होते. डेनिमचा निळा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, बाहेरच्या थरावर बसलेला असतो. म्हणूनच ती इतकी छान फिकी होत जाते आणि म्हणूनच नवी असताना जिथे घासेल तिथे रंग सोडते. माझ्या पांढऱ्या शूजच्या काठाला आणि बॅगेच्या मागच्या बाजूला निळसर झाक आली. शूजवरची गेली, बॅगेवरची आहे तशीच आहे. गडद जीन्स घेतलीत तर पहिले काही धुणे वेगळी धुवा, आणि तोवर फिक्या रंगाच्या गादीच्या खुर्च्यांवर जरा जपून.

संचातला खरा हिरो निघाली ती घोळदार पँट, जी मी फारशा अपेक्षेने घेतलीच नव्हती. कापड व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) मिक्स, पुढे सपाट पट्टा आणि मागे इलॅस्टिक. पुढून टी-शर्ट थोडा खोचला की इलॅस्टिक कुणाला दिसत नाही, पँट शिवून घेतल्यासारखी वाटते. कापडाला वजन आहे, त्यामुळे घोळ छान पडतो, आणि दोन तास बसून उठल्यावर एकदा झटकली की सरळ. आता तक्रारी. व्हिस्कोस ओलं असताना खूप कमजोर होतं (कॉटनचं उलट, ते ओलं झालं की जास्त मजबूत), त्यामुळे पिळायची सोय नाही. मशीनमध्ये टाकायचीच तर जाळीच्या पिशवीत आणि हलक्या धुण्यावर. शिवाय पहिल्याच धुण्यात ती लांबीला आटली. पँटच्या खाली आतल्या बाजूला दोन बोटं दुमड होती म्हणून निभावलं, टेलरने उसवून खाली सोडली. तेव्हापासून व्हिस्कोसचं काहीही हातात घेतलं की मी आधी खालची दुमड उलटून बघते. स्वस्त कपड्यांत ही दुमड अनेकदा जेमतेम शिलाईपुरती असते, मग आटलं की विषय संपला. मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक गोळेही आले आहेत, पण ते बसल्यावर कुणाला दिसत नाहीत, उभं राहिल्यावरही नाहीत.

लिननचा ड्रेस म्हणजे पहिल्या दहा मिनिटांचा राजा. दारातून आत जाताना जो काही दिसतो! मग बसायचं, आणि उठताना मांडीवर पंखा उमटलेला. लिनन जवसाच्या धाग्याचं, आणि त्या धाग्याला ताण जवळजवळ नसतोच, त्यामुळे एकदा मोड पडली की ती आपणहून सरळ होत नाही. इस्त्री कितीही कडक करा. काहींना तो चुरगळलेपणा आवडतो, आणि नुसत्या कॉटनचीही मला तक्रार नाही. पण एकरंगी, फिक्या लिननमध्ये प्रत्येक घडी ओरडून सांगते. माझा ड्रेस कॉटन मिक्स असून ही गत आहे. बारीक छापाच्या किंवा गडद रंगाच्या कापडात ते बरंच झाकलं जातं. आज घेतला असता तर मी सीअरसकर घेतलं असतं. त्यात विणतानाच काही धागे सैल, काही ताणलेले ठेवतात, म्हणून कापड मुळातच सुरकुतलेलं असतं. चुरगळण्यासारखं काही उरतच नाही, इस्त्रीही नको. आणि कापड अंगाला चिकटत नाही.

रॅप ड्रेस मी बहिणीला देऊन टाकला. डिझायनर डायान फॉन फुर्स्टेनबर्ग यांनी १९७४ मध्ये जो रॅप ड्रेस घराघरांत पोचवला तो विणीच्या मऊ जर्सीचा होता, अंगाबरोबर ताणला जाणारा. स्वस्तात मिळतात ते बहुतेक पातळ पॉलिएस्टरचे, ज्यांना ताण नाही. बसलं की खालचा पदर सुटून गुडघा उघडा, पुढे वाकलं की गळा उघडा, आणि एक हात सतत कामाला लागलेला. गळ्याशी आतून एक टिचबटण लावलं तर वरचा प्रश्न मिटतो. खालचा मिटत नाही, कारण तिथे कापडच कमी घातलेलं असतं. वरचा पदर पलीकडच्या बाजूच्या शिवणीपर्यंत पोचत असेल तरच घ्या. बहिणीला तो उभ्याने अगदी शोभतो. बसली की तीही ओढत बसते.

टेबलाशी बसल्यावर समोरच्याला आपण कमरेच्या वरच दिसतो. त्यामुळे गळा, खांदे आणि बाह्या यांवर डोकं खर्च करावं. पैसे मात्र इथे फार लागत नाहीत. साधा टी-शर्ट घेताना जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. १५० च्या आसपासचा पांढरा टी-शर्ट आरपार दिसतो आणि लवकरच त्याचा गळा लाटांसारखा होतो. १८० ते २०० मध्ये अंग झाकतं, खांदा नीट बसतो, खोचल्यावर गोळा होत नाही. जीएसएम लिहिलेलं नसेल तर एका थरात हात घालून बघा, बोटांचा रंग दिसला तर ठेवून द्या. गळ्याची पट्टी ओढून सोडा, लगेच मूळ जागी आली पाहिजे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर, मुद्दाम सैल कपडा घेत नसाल तर.

पट्ट्यांचा टी-शर्ट हा माझ्या मते सगळ्यात फायद्याचा सौदा. पांढऱ्यावर निळे आडवे पट्टे ही १८५८ मध्ये फ्रेंच नौदलाने खलाशांसाठी ठरवून दिलेली धाटणी; पांढरा पट्टा २० मिलिमीटर, निळा १०, असं मापच नेमून दिलेलं होतं. पांढरं दुप्पट असल्यामुळेच तो डोळ्यांना जड वाटत नाही, आणि आज घेतानाही पांढरा पट्टा रुंद असलेलाच बरा दिसतो. जीन्सवर चालतो, घोळदार पँटवर चालतो, ड्रेसवर खांद्यावर टाकूनही चालतो. बाजूच्या शिवणीशी पुढचे आणि मागचे पट्टे एका रेषेत येतात का ते बघा. येत असतील तर शिवणाऱ्याने बाकीचंही लक्ष देऊन केलंय असं समजायला हरकत नाही. माझ्या टी-शर्टचे एका बाजूला येतात, दुसऱ्या बाजूला नाही. असो.

चँब्रे दिसायला डेनिमसारखं, पण वीण साधी आणि कापड हलकं, त्यामुळे बाह्या दुमडल्या की कोपरापाशी गाठोडं होत नाही. बाह्यांबद्दल मी आता फार कडक झालेय. एका मैत्रिणीचा सुंदर, फुगीर, मनगटाशी झालर असलेला टॉप होता. ती साखर घ्यायला पुढे झाली, झालर कपात बुडली, तिने दचकून हात मागे घेतला आणि ती ओली बाही तिथून थेट माझ्या मांडीवर. लिननवर, अर्थातच. कॉफीचा डाग असेल तर लगेच रुमालाने टिपायचा, चोळायचा नाही, आणि कापडाच्या उलट बाजूने गार पाणी सोडायचं. तेलकट डागावर भांड्यांचा साबण थेंबभर. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री लावायची नाही, उष्णतेने तो पक्का बसतो. माझा गेला.

शर्टाला आणखी एक चाचणी आहे, आणि ती पुरुषांनाही तितकीच लागू. बसल्यावर दोन बटणांच्या मध्ये कापड डोळ्यासारखं उघडतं का? नवऱ्याचा आवडता शर्ट याच कारणाने बाद झाला. उभ्याने नेमका मापात, बसला की बनियन सगळ्यांना नमस्कार करतंय. एक माप मोठा घेऊन बाजूने आत घेता येतो. खांदे मात्र मापातच हवेत, कारण खांदा उसवून परत बसवायचा म्हणजे अर्धा शर्ट पुन्हा शिवणं, आणि स्वस्त शर्टासाठी ती मजुरी परवडत नाही. लांबी, कंबर, बाजू, बाहीची लांबी एवढं टेलरवर बिनधास्त सोडावं. माझ्या सगळ्या खर्चात टेलरचे पैसे सर्वात कमी होते आणि फरक सर्वात जास्त पडला.

पांढरे कॅनव्हासचे शूज फोटोत छान येतात, पण मी ते पुन्हा घेणार नाही. धुतले की पिवळे डाग. साबण पूर्ण निघाला नाही आणि उन्हात वाळवले तर हमखास. खूप वेळा खळबळून, वर पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून सावलीत वाळवले की पिवळेपणा कागदावर उतरतो, हे करून पाहिलंय. पण सुट्टीच्या दिवशी शूजना कागद गुंडाळत बसायची हौस कुणाला आहे? गुळगुळीत सिंथेटिक लेदरचे पांढरे शूज ओल्या फडक्याने पुसले की झालं. सँडलबद्दल एवढंच की घोळदार पँटची लांबी सपाट सँडल घालूनच टेलरला द्या. शूज घालून दिलीत तर सँडलवर जमीन झाडाल.

सेकंडहँड घेताना काखेतला रंग, दोन पायांच्या मधली शिवण आणि जिप एवढं आधी बघते, बाकी दुरुस्त होतं. जिपच्या पकडीवर वायकेके (जिप बनवणारी नावाजलेली जपानी कंपनी) अशी अक्षरं असतील तर निदान जिपवर खर्च केलेला आहे एवढं कळतं. दागिन्यांत कानातलं एकच, जरा ठसठशीत. बांगड्या टेबलावर आपटत राहतात.

पैशांचं म्हणाल तर किमतीला किती वेळा घातलं त्याने भागा. रॅप ड्रेस सेलमध्ये जवळजवळ फुकट मिळाला होता आणि तोच सगळ्यात महाग पडला. घोळदार पँट सर्वात महाग होती आणि आता तिचा भाव काढायची गरजच उरलेली नाही. दोनच गोष्टी घ्यायच्या असतील तर अशी पँट आणि पट्ट्यांचा टी-शर्ट घ्या, शूज आहेत तेच पुसून घाला.

अजून जमलेलं नाही ते वरून घालायचं. आत एसी जोरात असतो आणि टेबल हटकून त्याच्याच खाली मिळतं. कार्डिगनवर कोपराशी महिन्याभरात गोळे आले. डेनिम जॅकेट बसल्यावर वर सरकून कॉलर कानाला टेकतं, कमरेपर्यंतचं आखूड असेल तर कमी, पण टेकतंच. सध्या चँब्रेचा शर्टच बटणं उघडी ठेवून जॅकेटसारखा घालते. काम भागतं, फक्त मग त्या दिवशी तो शर्ट म्हणून घालता येत नाही. अस्तर नसलेलं, खांद्यात पॅड नसलेलं, बसल्यावर पाठीत न ताणणारं एखादं जॅकेट कुणी महिनोन्‌महिने वापरलेलं असेल तर बसल्यावर ते कसं दिसतं ते सांगा, उभ्याचा फोटो नको.