छत्तीस तासांत मिळालेली स्वीकृती

मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि प्रौढशिक्षण या विषयावर पीएच.डी.चे काम करते. एका बनावट आंतरराष्ट्रीय परिषदेने माझ्याकडून १०,७०० रुपये घेतले, माझे अपुरे काम माझ्या परवानगीविना छापले आणि ते मागे घ्यायचे असेल तर आणखी पैसे भरा, असे सांगितले. ज्या नोकरीत मानधन कधीकधी सहा महिने हातात पडत नाही, त्या नोकरीत ही रक्कम किती मोठी असते हे तासिकेवर काम करणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. पैशांहून अधिक काय गेले, ते पुढे सांगते.

माझी नोंदणी जुन्या नियमांखाली झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आणि परिषदांमध्ये दोन निबंध सादर करणे बंधनकारक होते. २०२२ च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही, परंतु आधी नोंदणी झालेल्या आमच्यासारख्यांच्या डोक्यावरून ती उतरली नाही. काही मार्गदर्शकांच्या मनातूनही ती उतरलेली नाही. माझे एक सादरीकरण झाले होते, दुसरे बाकी होते. बनावट परिषदांचा सगळा व्यवहार अशा 'एक बाकी' असलेल्यांवर चालतो, हे तेव्हा मला उमगले नव्हते.

माझा विषय ऊसतोड कामगार स्त्रियांच्या साक्षरतेचा आहे. दसरा-दिवाळीनंतर ही कुटुंबे कारखान्यांवर जातात आणि साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. केंद्र सरकारच्या 'उल्लास' कार्यक्रमात १५ वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवक अक्षर आणि अंक शिकवतात. हे वर्ग गावात भरतात आणि बाई मात्र वर्षाचे पाच-सहा महिने गावातच नसते. मग हंगामापूर्वी शिकलेले हंगामानंतर किती टिकते, आणि मुकादमाच्या (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या) वहीतली उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, खाडे व फिटलेली रक्कम यांचा ताळा ती स्वतः करू शकते का, हा माझा प्रश्न होता. दोन वस्त्यांवर मिळून सव्वीस स्त्रियांच्या भेटी मी घेत होते. हंगामापूर्वीच्या नोंदी पूर्ण होत्या, हंगामानंतरच्या निम्म्याच झाल्या होत्या.

जुलै २०२४ मध्ये मला ईमेल आला. प्रौढ व आजीवन शिक्षणावरील आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबरमध्ये दिल्लीतील एका हॉटेलात भरणार असून संशोधन प्रस्ताव मागवले जात आहेत, असे त्यात होते. मजकूर चांगला होता, आणि मी तिथेच फसले. जून २०२२ मध्ये मोरोक्कोतील मराकेश येथे युनेस्कोची सातवी आंतरराष्ट्रीय प्रौढशिक्षण परिषद झाली, तिच्यात संमत झालेल्या मराकेश कृती आराखड्याचा त्यात नेमका उल्लेख होता. आमच्या विषयाबाहेरच्या माणसाला हा आराखडा सहसा ठाऊक नसतो, त्यामुळे लिहिणारा जाणकार असावा असे मी गृहीत धरले. तो परिच्छेद दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला होता, हे नंतर त्यातील एक वाक्य शोधून पाहिल्यावर कळले. तेवढा शोध त्याच दिवशी घेतला असता तर दोन मिनिटे लागली असती. संकेतस्थळावर विषयांची यादी होती. ती खालपर्यंत वाचली असती तर प्रौढशिक्षणाच्या रांगेत दंतवैद्यक आणि काँक्रीट तंत्रज्ञानही बसवलेले दिसले असते. मी वरची चार नावे वाचून थांबले.

प्रस्ताव शुक्रवारी रात्री पाठवला आणि रविवारी सकाळी स्वीकृतीपत्र आले. छत्तीस तासही झाले नव्हते. आपली कार्यपद्धती काटेकोर असून निष्कर्ष धोरणदृष्ट्या अत्यंत महत्त्वाचे आहेत, असे परीक्षण समितीचे मत पत्रात दिले होते. मी ते पत्र घरी वाचून दाखवले. मार्गदर्शक सरांनी फोनवर एवढेच विचारले, "परीक्षकांनी दुरुस्त्या काय सुचवल्या?" मी अभिमानाने सांगितले की एकही नाही. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि "बघा मग" म्हणाले. त्या "बघा मग"चा अर्थ मी लावला नाही.

घाईत पाठवलेल्या त्या प्रस्तावात निष्कर्षांच्या जागी मी स्वतःसाठी लिहिलेली 'उरलेल्या तेरा भेटी झाल्यावर भरणे' ही ओळ तशीच राहून गेली होती. त्याखाली काहीही नव्हते. म्हणजे समितीने ज्या निष्कर्षांना धोरणदृष्ट्या महत्त्वाचे ठरवले, ते त्या प्रस्तावात नव्हतेच. मला हे सात महिन्यांनी दिसले.

नोंदणी शुल्क ६,५०० रुपये होते आणि ते सवलतीच्या दरात चार दिवसांत भरायचे होते. खाते संस्थेच्या नावाचे नसून एका व्यक्तीच्या नावाचे होते. विचारले तेव्हा "कोषाध्यक्षांचे खाते आहे" असे उत्तर आले आणि मी ते मानले. पुढे निवडक निबंध आयोगाच्या केअर यादीतील, म्हणजे आयोगाने मान्य केलेल्या शोधनियतकालिकांच्या यादीतील, नियतकालिकात छापण्यासाठी ४,२०० रुपये मागितले, तेही भरले. छत्रपती संभाजीनगरहून सचखंड एक्स्प्रेसची जाण्या-येण्याची तिकिटे काढली. परिषदेला नऊ दिवस उरले असताना कळवण्यात आले की अपरिहार्य कारणास्तव परिषद ऑनलाइन होईल. त्या दिवशी पहिल्यांदा मी हॉटेलच्या स्वागतकक्षाला फोन केला, तेव्हा त्या तारखांना त्या नावाने सभागृहाची नोंदणी कधीच झालेली नव्हती, असे उत्तर मिळाले.

परिषद म्हणजे पडद्यावरची अकरा नावे. माझे सादरीकरण सात मिनिटांत आटोपले आणि प्रश्न विचारण्याची वेळ आली तेव्हा निवेदकाने पुढचे नाव पुकारले. त्याच संध्याकाळी प्रमाणपत्र आले. त्यावर 'सर्वोत्कृष्ट शोधनिबंध' असे लिहिले होते, आणि माझ्या आधी बोललेल्या जालन्याच्या एका शिक्षकांच्या प्रमाणपत्रावरही तेच लिहिले होते, हे त्यांनीच मला नंतर सांगितले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादी बंद केली. परिषदवाल्यांना हे आयते निमित्त मिळाले. यादीच राहिली नाही, म्हणून आपला निबंध परिषदेच्या ग्रंथात घेतला आहे, असे त्यांनी कळवले. मी संमती दिलेली नव्हती. ग्रंथाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असल्याचे मात्र ठळकपणे लिहिले होते. आपल्याकडे या क्रमांकाचा भलताच दबदबा आहे, म्हणून सांगते: भारतात तो शिक्षण मंत्रालयाअंतर्गत असलेली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था प्रकाशकांना विनामूल्य देते, त्यातून पुस्तकाची ओळख पटते, गुणवत्ता नव्हे. नियतकालिकांच्या आयएसएसएनचेही तसेच आहे. ग्रंथ उघडला तर माझ्या नावाखाली तो प्रस्ताव जसाच्या तसा होता आणि 'उरलेल्या तेरा भेटी झाल्यावर भरणे' ही ओळही छापलेली होती.

निबंध काढून टाका, असे लिहिल्यावर १२,००० रुपये 'माघार शुल्क' भरण्याचे उत्तर आले. ते मी भरले नाही. परंतु खरे नुकसान इथून पुढे झाले. सव्वीस भेटी पूर्ण करून, आकडे नीट मांडून मी तोच अभ्यास एका खऱ्या चर्चासत्राकडे पाठवला, तेव्हा संपादकांनी साम्य तपासणीचा अहवाल जोडून तो परत केला, कारण त्यातील मोठा भाग आधीच प्रसिद्ध झालेला दिसत होता. मी सगळी हकिकत लिहून कळवली. त्यांनी सहानुभूती दाखवली, पण पूर्वप्रकाशित मजकूर घेता येत नाही, हा त्यांचा नियम योग्यच आहे आणि त्यावर मला वाद घालता आला नाही. त्या पत्रासोबत दोन परीक्षकांचे पाच प्रश्न होते. उचलीचा हिशेब जोडप्याच्या म्हणजे कोयत्याच्या नावाने असतो, तर बाईचा वेगळा हिशेब तुम्ही कसा काढला, हा त्यातला पहिला. दीड वर्ष मी त्या वस्त्यांवर जात होते आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. नाकारलेल्या निबंधासोबत मला जे मिळाले ते स्वीकारलेल्या निबंधासोबत मिळाले नव्हते.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर मी फोन केला, तेव्हा पैसे जाऊन कित्येक महिने झाले होते. हा क्रमांक पैसे गेल्याबरोबर लावायचा असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधी ती गोठवण्याचा प्रयत्न करता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. ठाण्यात गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी कागद पाहून विचारले, "मॅडम, पैसे तुम्हीच भरले, परिषद झाली, सर्टिफिकेट मिळालं, पुस्तकही छापलं. मग फसवलं कशात?" प्रश्न उद्धट नव्हता. बनावट परिषदेची हीच तर खुबी आहे की ती काहीतरी देते, आणि त्या काहीतरीची किंमत शून्य आहे हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर पडते. ते सिद्ध होऊ शकते, हेही खरे. हैदराबादच्या एका प्रकाशन व परिषद कंपनीवर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१६ मध्ये दावा केला होता. परीक्षणाचा खोटा दावा, लपवलेले शुल्क, तज्ज्ञांची नावे त्यांच्या संमतीविना वापरणे, निबंध मागे घेऊ न देणे असे त्यातले आरोप होते आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. ती यादी वाचताना मला माझाच पत्रव्यवहार वाचल्यासारखे वाटले. पण तिथे दावा करणारा आयोग होता, इथे तासिकेवरची एक बाई आहे.

समितीच्या यादीतील नावांना आधी लिहायला हवे होते, ते मी शेवटी केले. सहा प्राध्यापकांना ईमेल पाठवले, तिघांची उत्तरे आली. दोघांनी या परिषदेचे नावही ऐकले नव्हते. तिसऱ्यांनी लिहिले की माझे नाव काढा म्हणून मी त्यांना दोनदा कळवले आहे, ते काढत नाहीत. संकेतस्थळाचे नाव कधी नोंदवले गेले हे इंटरनेटवरील 'हूइज' शोधात कोणालाही पाहता येते. आपली ही नववी परिषद असल्याचे सांगणारे ते संकेतस्थळ मला ईमेल येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी नोंदवलेले होते. हॉटेलला एक फोन, समितीतील एका व्यक्तीला एक पत्र, खाते कोणाच्या नावाचे आहे यावर एक थांबा, यांपैकी काहीही एक केले असते तरी पुरले असते. मुकादमाच्या वहीवर अंगठा उठवण्याआधी आकडा वाचून घ्या, असे मी त्या सव्वीस जणींना सांगत होते, हे लिहायला मला संकोच वाटतो, पण लिहिते.

पैसे परत आलेले नाहीत. निबंध त्या ग्रंथात अजून आहे. प्रबंधाच्या प्रास्ताविकात त्याबद्दल खुलासा लिहावा, असे सरांनी सुचवले आहे आणि तो मी लिहिला आहे. हा अनुभव सांगण्याची घाई मात्र वेगळ्या कारणाने करावी लागत आहे. गेल्या आठवड्यात परभणीच्या एका मैत्रिणीने मला अभिनंदनाचा संदेश पाठवला. त्याच लोकांनी थोड्या बदललेल्या नावाने पुढच्या परिषदेसाठी प्रस्ताव मागवले आहेत आणि आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीत सातव्या क्रमांकावर माझे नाव आहे, पदापुढे 'सहयोगी प्राध्यापक' असे लिहून. ते नाव पाहून कोणी प्रस्ताव पाठवण्याच्या विचारात असेल, तर त्या समितीशी माझा काहीही संबंध नाही, आणि मी सहयोगी प्राध्यापकही नाही.