केबीएस-३ ची बेंटोनाइट: १०० अंशांपर्यंत बिनधास्त, पुढे हात आखडता घ्या

वापरलेलं अणुइंधन तांब्याच्या डब्यात घालून खोल खडकातल्या बोगद्यांत, भोकं पाडून पुरायचं, ही स्वीडनच्या अणुकचरा सांभाळणाऱ्या एसकेबी कंपनीने आखलेली केबीएस-३ पद्धत. तिच्यात कौतुक होतं ते त्या डब्याचं. पण अणुइंधनाची उष्णता आतून आणि भूजल बाहेरून, दोन्हींचा मार खाते ती डब्याभोवतीची ३५ सेंटिमीटर जाडीची बेंटोनाइट माती. मुंबईत पायलिंगच्या भोकात ओततात तीच जात. इथे ती प्रचंड दाबाखाली ठोकळे आणि कड्या करून बसवतात.

भिजल्यावर हिला तोड नाही. फुगून सांधे बुजवते, दाब काही मेगापास्कलपर्यंत जातो, पाणी वाहायचं थांबतं. इतक्या घट्ट मातीत जिवाणूही जोर धरत नाहीत, त्यामुळे तांब्याला खाणारं सल्फाइड कमी तयार होतं.

गोची आहे ती वेळेची. एका डब्यातून सुरुवातीला १,७०० वॅटपर्यंत उष्णता निघते आणि तापमानाचा कळस पहिल्या काही दशकांतच येतो. डबे जिथे पुरायचे त्या स्वीडनमधल्या फोर्समार्कचा खडक मात्र इतका कोरडा की माती पूर्ण भिजायला शेकडो वर्षंही लागू शकतात. कोरडी माती उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही, त्यात डबा आणि कडी यांच्यात सुमारे १० मिलिमीटर हवेची फट. म्हणून डबे साधारण ६ मीटरवर आणि बोगदे ४० मीटरवर ठेवावे लागतात. अंतर चोरलं की १०० अंशांची मर्यादा गेलीच समजा. मग वाफ ओल बाहेर ढकलते, डब्यालगतची माती तडकते, विरघळलेली सिलिका थंड बाजूला जमून माती कडक करते. पोटॅशियम मिळालं तर तिचं हळूहळू इलाइट होतं, आणि इलाइट फुगत नाही.

डब्यासाठी पाडलेलं भोक ओलंही नको. मिनिटाला ०.१ लिटरपेक्षा जास्त पाणी झिरपत असेल तर ते सोडून द्यावं. खडकालगत भरलेल्या बेंटोनाइटच्या गोळ्या फुगायच्या आतच दाबाचं पाणी त्यांतून वाट काढतं आणि माती धुऊन नेतं. पुढच्या हिमयुगाचं कमी क्षाराचं वितळपाणी तर आणखी वाईट: कॅल्शियम कमी पडलं की कण सुटे होऊन फटींतून निघून जातात.

पुरावा बरा आहे. स्वित्झर्लंडमधल्या ग्रिमझेलच्या भूमिगत प्रयोगशाळेत फेबेक्स प्रयोगात १९९७ पासून १०० अंशांवर तापवलेली माती २०१५ मध्ये उकरली, तेव्हा ठोकळ्यांचे सांधे बुजलेले होते. स्वीडनमधल्या एस्पोच्या भूमिगत प्रयोगशाळेतल्या चाचणीत कच्छची ‘आशा’ नावाची बेंटोनाइटही १३० अंशांच्या आसपास तापवली. २०० अंशांचा हॉटबेंट प्रयोग २०२१ पासून ग्रिमझेलला चालू आहे. डबे जवळजवळ बसवून बोगद्यांचा खर्च वाचवायचा विचार असेल, तर त्याचे ठोकळे बाहेर येईपर्यंत कंत्राटावर सही करू नये.