मर्फींचं निळं पुस्तक: द्राक्षांच्या एका हंगामानंतर

रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. केंब्रिजचं प्रकाशन, पहिली आवृत्ती १९८५ची. माझ्याकडे २०१९ची पाचवी आहे. १४५ धडे, डाव्या पानावर नियम आणि उदाहरणं, उजव्या पानावर त्याच नियमाचे स्वाध्याय. सगळ्या पुस्तकाबद्दल मी लिहिणार नाही, कारण सगळं मी वापरलेलंच नाही. मला हवी होती ती काळाची क्रियाविशेषणं आणि त्यांच्या गोतावळ्यातले शब्द: येट, स्टिल, ऑलरेडी, अगो, सिन्स, बाय, अंटिल.

कारण साधं आहे. मी नाशिक जिल्ह्यात द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळते. जानेवारी ते एप्रिल नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या इम्पोर्टरशी रोज मेल चालू असतात. माल कसा आहे ते लॅबचा रिपोर्ट सांगतो, भाव किती ते मालक बोलतात. मेलमध्ये आमच्या वाट्याला उरतं ते एवढंच: कधी, कधीपर्यंत, झालं की व्हायचंय. तिथे शब्द चुकला तर समोरचा माणूस वेगळीच तारीख धरून बसतो.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो बाय आणि अंटिलच्या धड्याचा. पुस्तकाच्या शेवटाकडे आहे, तिथपर्यंत कोणी सहसा पोचत नाही. मराठीत आपलं 'पर्यंत' दोन्ही कामं करतं. 'शुक्रवारपर्यंत कागद पाठवते' आणि 'शुक्रवारपर्यंत पॅकहाऊस (द्राक्षं निवडून पेट्यांत भरायची जागा) चालू आहे', दोन्हीकडे तोच शब्द. इंग्रजीत पहिल्याला 'बाय फ्रायडे' लागतं, दुसऱ्याला 'अंटिल फ्रायडे'. आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं ते 'वी विल सेंड द डॉक्युमेंट्स टिल फ्रायडे', आणि त्याचा अर्थ होतो शुक्रवार उजाडेस्तोवर आम्ही कागद पाठवतच राहणार. मी स्वतःपुरता एक ताळा ठरवला. वाक्यात मनातल्या मनात 'च्या आत' घालून बघायचं. 'शुक्रवारच्या आत पाठवते' जमतं, म्हणजे बाय. 'शुक्रवारच्या आत चालू आहे' जमत नाही, म्हणजे अंटिल. हा ताळा पुस्तकात नाही, असणारही नाही. ते मराठी माणसासाठी लिहिलेलं नाही.

नकारार्थी वाक्यात आणखी गंमत आहे. 'सोमवारपर्यंत कंटेनर येणार नाही' असं म्हटलं, तर सोमवारी येणार का मंगळवारी, हे ऐकणाऱ्याला विचारावंच लागतं. 'द कंटेनर वोन्ट अराइव्ह अंटिल मंडे' म्हटलं की इंग्रजी ऐकणारा सोमवार धरून चालतो. सोमवारची खात्री नसेल, तर हे वाक्य लिहूच नये.

दुसरा मुद्दा 'इन'चा. 'इन टू अवर्स' म्हणजे आत्तापासून दोन तासांनी. आपण ते 'दोन तासांत' समजून लिहितो. गाडी पोर्टला कटऑफच्या, म्हणजे माल आत घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आधी आत घालायची असते, तेव्हा दोन तासांच्या आत आणि दोन तासांनी यात सगळाच फरक पडतो. आतच म्हणायचं असेल तर 'विदिन' लिहावं. उलट बाजूने, 'दोन तासांनी फोन करते' याचं आपण हमखास 'आफ्टर टू अवर्स' करतो. अर्थ पोचतो, पण आत्तापासून मोजताना इंग्रजीत 'इन'च येतं. पुस्तकाने 'इन'चे हे दोन उपयोग, म्हणजे इतक्या वेळाने आणि इतक्या वेळात पुरं केलं हा, नीट वेगळे केले आहेत. 'विदिन'साठी मला डिक्शनरी उघडावी लागली.

सिन्स आणि फॉर यांच्यावर लिहीत नाही, ते शाळेपासून सगळे सांगत आलेत आणि तरी 'सिन्स टू इयर्स' सुटत नाही. 'बिफोर टू डेज'च्या जागी 'टू डेज अगो', एवढं एक वाक्य भिंतीवर चिकटवलं तरी पुरे.

'अजून'चं मात्र वेगळं. ड्राफ्ट बीएल, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या कागदाचा (बिल ऑफ लेडिंग) कच्चा मसुदा, इम्पोर्टरकडे मंजुरीला गेलं, उत्तर आलं नाही. आता 'तुमची मंजुरी अजून आली नाही' हे कसं लिहायचं? 'वी हॅवन्ट रिसीव्ह्ड युअर अप्रूव्हल येट' ही नुसती माहिती. 'वी स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड' म्हटलं की त्यात कंटाळा, चीड, 'किती वेळ लावताय' हे सगळं आलं. मराठीत हे आपण आवाजात आणतो, किंवा नुसत्या 'च'ने: 'अजून आलीच नाही'. मर्फींनी हा फरक अगदी थोडक्यात, जाता जाता सांगितलाय. माझ्या मते त्यावर अख्खं पान हवं होतं. गिऱ्हाइकाशी संबंध त्या एका शब्दावर बिघडू शकतात, आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. स्टिल मी आता एकदा आठवण करून झाल्यावरच वापरते, आणि मुद्दाम वापरते.

शब्दांच्या जागेचे धडे कोरडे आहेत, पण करावेत. मराठीत 'काल इनव्हॉइस पाठवलं' आणि 'इनव्हॉइस काल पाठवलं' दोन्ही चालतात, फक्त जोर बदलतो. त्या सवयीने 'वी हॅव सेंट यस्टरडे द इनव्हॉइस' तयार होतं. इथे दोन गोष्टी बिघडल्यात. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये 'यस्टरडे' घुसलं. आणि 'यस्टरडे' आलं की 'हॅव' राहू शकत नाही, सरळ 'सेंट'. ठिकाण आणि वेळ दोन्ही असतील तर आधी ठिकाण: 'टु रॉटरडॅम ऑन मंडे'. आपली जीभ नेमकी उलटी वळते.

आता न आवडलेलं. स्वाध्यायातलं प्रत्येक वाक्य एकटं उभं असतं. गाळलेली जागा भरताना उत्तर बरोबर येतं, आणि अर्ध्या तासाने मेल लिहिताना तेच चुकतं. म्हणून उजवं पान झालं की मी 'सेंट' फोल्डरमधला आपलाच जुना मेल काढून त्यातले काळाचे शब्द तपासत असे. खरी प्रगती तिथे झाली. दुसरं, पुस्तक ब्रिटिश वळणाचं आहे. अमेरिकन माणूस 'डिड यू गेट इट येट' म्हणतो, ब्रिटिश पद्धतीत 'हॅव यू गॉट इट येट'. शेवटच्या परिशिष्टात याची नोंद आहे, पण धडा वाचताना ते कोण उघडतं?

घेणार असाल तर उत्तरं असलेलीच आवृत्ती घ्या. बिनउत्तरांचीही मिळते आणि ती घरी एकट्याने शिकणाऱ्याच्या कामाची नाही. सुरुवातीपासून ओळीने करू नका. मागे 'स्टडी गाइड' नावाची चाचणी आहे, ती आधी सोडवा. कुठला धडा करायचा ते तीच सांगते. 'हॅव' आणि 'हॅड' इथेच अडखळत असाल, तर मर्फींचंच लाल पुस्तक, 'इसेन्शियल ग्रामर इन यूज', आधी.

एका गोष्टीला मात्र कुठलंच व्याकरण पुरत नाही. डच भाषेत 'हाल्फ द्री' म्हणजे अडीच, आणि ब्रिटिश बोलण्यात 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन. रॉटरडॅमच्या माणसाने फोनवर 'हाफ थ्री' म्हटलं, तर तो कुठल्या भाषेत मोजतोय हे विचारून घ्यावं. 'नेक्स्ट फ्रायडे'चंही तसंच: कुणाला येणारा शुक्रवार वाटतो, कुणाला त्याच्या पुढचा. मेलमध्ये मी आता तारीख आणि १४:३० असं आकड्यांत लिहिते, खाली कंसात 'भारतीय वेळ' की 'डच वेळ' तेही.