माझ्या नावावर दुसऱ्यानेच कर्ज काढलं: क्रेडिट फ्रीझ तिन्ही ठिकाणी करा

२०२३ च्या जुलैत माझा भाचा एमएससाठी न्यू जर्सीला यायचा होता. कॉलेज न्यू ब्रन्सविकला, आम्ही एडिसनला. त्याला कॉलेजजवळच राहायचं होतं, म्हणून मी इथून त्याच्यासाठी घर शोधत होते. नव्या विद्यार्थ्याला इथे क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, नसते, बहुतेकांकडे सोशल सिक्युरिटी नंबर हा इथला सरकारी ओळख क्रमांकही नसतो, त्यामुळे घरमालक गॅरंटर मागतात. गॅरंटर मी होणार होते. इथे ही रोजची पद्धत आहे, त्यामुळे मला शंका आली नाही.

जाहिरातीतलं घर एका बेडरूमचं होतं, फोटो स्वच्छ, भाडं १,२५० डॉलर. त्या भागात तेवढ्याच घराला शे-पाचशे जास्त पडतात हे मला माहीत होतं. फोनवरचा माणूस अत्यंत सभ्य. म्हणाला, मी सध्या दुसऱ्या राज्यात आहे, तीन अर्ज आले आहेत, ज्याचे कागद आधी पूर्ण होतील त्याला देईन. त्याने अर्जाची लिंक पाठवली. त्यात गॅरंटरचं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर, पगार, मागचे दोन पत्ते, ड्रायव्हिंग लायसन्सचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि ४५ डॉलर फी. भाचा पुण्याहून रोज विचारत होता, "आत्या, झालं का घराचं?" रात्री अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर बसून मी तो अर्ज भरला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन लागेना. शनिवारी मी गाडी काढून त्या पत्त्यावर गेले. दार एका बाईने उघडलं, कडेवर बाळ होतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "भाड्याच्या जाहिरातीसाठी आलात ना? या आठवड्यात आलेल्या तुम्ही तिसऱ्या." ती चार वर्षं त्याच घरात राहत होती.

फी ज्या कार्डाने भरली ते मी बंद केलं, ४५ डॉलरची तक्रार केली, ते परत मिळाले. पैसे परत आले म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. त्या माणसाला ४५ डॉलर नकोच होते. त्याला हवं होतं ते सगळं मी फॉर्ममध्ये आधीच भरून दिलं होतं.

आता थोडं मागे जाते, कारण माझी खरी चूक २०१७ मधली आहे. इथे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्या आहेत, त्यांना क्रेडिट ब्युरो म्हणतात. त्या वर्षी ७ सप्टेंबरला त्यातल्या इक्विफॅक्सने जाहीर केलं की त्यांच्याकडचा डेटा चोरीला गेला. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर. तेव्हा ऑफिसात सगळे क्रेडिट फ्रीझ करत होते, म्हणजे ब्युरोकडच्या आपल्या फाइलला कुलूप लावत होते, मीही केलं. पण फक्त इक्विफॅक्सकडे. डेटा त्यांचा फुटला, तर कुलूप तिथेच लावायचं, असं मी धरून चालले. एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या बाकीच्या दोन ब्युरोंना ते आपोआप कळत असेल असंही वाटलं. तसं होत नाही. फ्रॉड अलर्ट नावाची वेगळी सोय आहे, ती एका ब्युरोला सांगितली की त्या ब्युरोने इतर दोघांना कळवावं लागतं. पण अलर्टमुळे कर्ज देणाऱ्याला तुमची ओळख नीट तपासून घे एवढीच सूचना मिळते. फ्रीझमध्ये तुमची फाइल नव्या कर्जदात्याला उघडताच येत नाही, आणि ते फ्रीझ तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन, वेगवेगळं करावं लागतं. हा फरक मला सहा वर्षं माहीत नव्हता.

सप्टेंबरच्या अखेरीस एका बँकेचं पत्र आलं. मी कधीही अर्ज न केलेल्या क्रेडिट कार्डासाठी मला नकार कळवला होता. कारण म्हणून एकच ओळ होती: आपल्या फाइलवर सिक्युरिटी फ्रीझ असल्यामुळे आम्ही माहिती तपासू शकलो नाही. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला चक्क बरं वाटलं. बघा, फ्रीझने काम केलं! पत्र ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

त्याच दिवशी मी बाकीच्या दोन ब्युरोंकडे गेले असते तर पुढचे आठ महिने वाचले असते. तुम्ही न केलेल्या अर्जाला नकार आला, तर कोणीतरी तुमचं नाव घेऊन दारोदार फिरतं आहे असं समजा. कर्ज देणारा कोणत्या ब्युरोकडे फाइल मागेल हे तो ठरवतो, काही जण एकाकडेच मागतात. चोर अर्ज करत राहतो. कुठेतरी उघडी फाइल लागते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरं पाकीट आलं. आत एका दुकानाचं कार्ड वापरल्याचं ३,८०० डॉलरचं बिल. त्यानंतर पाच दिवसांनी फोन. माझ्या नावावर १४,५०० डॉलरचं पर्सनल लोन निघालं होतं आणि पहिला हप्ता थकला होता. पैसे ज्या खात्यात गेले ते खातंही माझ्याच नावाचं, ऑनलाइन उघडलेलं, माझ्याच लायसन्सचा फोटो लावून. माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज देणारे ज्यावरून आपली पत जोखतात तो आकडा, ७९० च्या आसपास असायचा, तो ६११ दाखवत होता.

आईला फोनवर सगळं सांगितलं. कराडच्या वाड्यात राहिलेली माझी आई, क्रेडिट ब्युरो म्हणजे काय हे तिला कशाला माहीत असणार? तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, पुढचं दार लावून परसदार उघडं टाकलंस होय?"

त्या रात्री मी आणि नवरा दोघे लॅपटॉप घेऊन बसलो. एका ब्युरोकडे दहा मिनिटांत फ्रीझ झालं. दुसऱ्याने ओळख पटवायला प्रश्न विचारले. आपण पूर्वी कुठे राहिलो, कोणती कर्जं घेतली, असे पर्यायवाले प्रश्न असतात. पहिला होता: खालीलपैकी कोणत्या पत्त्याशी आपला संबंध आहे? चार पत्ते दिले होते, एकही आमचा नव्हता, एक तर ओहायोतला. मी 'यापैकी नाही' निवडलं. पुढचा प्रश्न होता, ऑगस्टमध्ये घेतलेल्या कर्जाचा हप्ता किती? मी पुन्हा 'यापैकी नाही' दिलं. स्क्रीनवर आलं की आम्ही आपली ओळख पटवू शकत नाही. ओहायोचा पत्ता आणि ते कर्ज, दोन्ही चोराचे होते. ते माझ्या फाइलमध्ये जाऊन बसले होते, आणि मी माझ्याच आयुष्याबद्दलच्या परीक्षेत नापास झाले होते. नवऱ्याने हळूच लॅपटॉप मिटला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अशा वेळी मार्ग पोस्टाचा. लायसन्सची झेरॉक्स, सोशल सिक्युरिटी कार्डाची झेरॉक्स, विजेचं बिल आणि सही केलेलं पत्र. त्यासोबत फेडरल ट्रेड कमिशनच्या आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या सरकारी साइटवर जाऊन रिपोर्ट तयार करायचा. ही साइट खरंच चांगली आहे. काय झालं ते विचारत जाते आणि शेवटी प्रतिज्ञापत्र आणि ब्युरोंना पाठवायची पत्रं तयार करून देते. आम्ही पोलिसांतही तक्रार नोंदवली, तिचा नंबर पुढे प्रत्येक पत्रात लागला. हे सगळे कागद मिळाल्यावर चार कामकाजाच्या दिवसांत ब्युरोने खोटी नोंद रिपोर्टमधून अडवावी असा कायदा आहे. हे मुद्दाम सांगते, कारण फोनवरचा माणूस "तीस दिवस लागतील" म्हणाला तर हे त्याला सांगता येतं. त्याच रिपोर्टवर सात वर्षांचा फ्रॉड अलर्टही मिळतो, साधा अलर्ट एका वर्षाचा असतो.

पत्रं सर्टिफाइड मेलनेच पाठवा, रिटर्न रिसीट जोडून. समोरच्याने सही केलेलं हिरवं कार्ड पोस्टाने तुमच्याकडे परत येतं. कर्ज देणाऱ्या कंपनीने दोनदा सांगितलं की आमच्याकडे तुमचे कागद आलेच नाहीत. दोन्ही वेळा मी हिरव्या कार्डावरची तारीख आणि सही वाचून दाखवली. तिसऱ्यांदा ते तसं म्हणाले नाहीत. त्यांना नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र हवं होतं, तेही दिलं. ते कर्ज माझ्या नावावरून निघायला मे २०२४ उजाडला. मधल्या काळात आमची जुनी गाडी बंद पडली, आणि नव्या गाडीचं कर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, चढ्या व्याजाने घ्यावं लागलं. ते अजून फेडतो आहोत.

फ्रीझबद्दल मंडळात लोक जे प्रश्न विचारतात ते इथेच सांगून टाकते. पैसे लागत नाहीत. पूर्वी अनेक राज्यांत पडायचे, पण २१ सप्टेंबर २०१८ पासून देशभर फ्रीझ करणं आणि काढणं फुकट आहे. ऑनलाइन किंवा फोनवर केलं तर ब्युरोने एका कामकाजाच्या दिवसात ते लागू करायचं असतं, आणि तुम्ही काढायला सांगितलं की तासाभरात काढायचं असतं. स्कोअरवर काही परिणाम होत नाही. घर किंवा गाडी घ्यायची असेल तर समोरच्याला विचारा, तुम्ही कोणत्या ब्युरोकडून रिपोर्ट मागवणार? तेवढंच चार दिवसांसाठी उघडा. आधीपासून असलेल्या कार्डांवर कोणी खरेदी केली तर मात्र फ्रीझ काही करू शकत नाही, त्यासाठी स्टेटमेंटच बघावं लागतं.

ब्युरोच्या साइटवर 'लॉक' नावाचं काहीतरी पुढे केलं जातं, कधी महिन्याच्या फीसकट. मीही आधी त्यावरच क्लिक केलं होतं. लॉक हा त्यांचा प्रॉडक्ट आहे, फ्रीझ हा कायद्याने दिलेला हक्क आहे. फ्रीझच शोधा, खाली कुठेतरी असतं. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवरून जाऊ नका. अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवरून तिन्ही रिपोर्ट आता दर आठवड्याला फुकट बघता येतात. मी दर महिन्याच्या एक तारखेला बघते.

तीन मोठ्या ब्युरोंवर थांबू नका. माझ्या नावाने बँक खातं उघडलं गेलं, आणि खातं उघडताना अनेक बँका चेक्ससिस्टिम्स या बँक खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे चौकशी करतात. तिथे वेगळं फ्रीझ करता येतं. इनोव्हिस नावाची चौथी ब्युरो आहे, तिथेही. आयआरएसकडून, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडून, सहा आकडी आयपी पिन घ्या. तो दर वर्षी बदलतो, आणि त्याच्याशिवाय तुमच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर दुसऱ्या कोणाला टॅक्स रिटर्न ऑनलाइन भरता येत नाही.

मुलांचं मला सगळ्यात जास्त टोचतं. लेकीचा सोशल सिक्युरिटी नंबर तर ती जन्मल्यापासून आमच्या प्रत्येक फॉर्ममध्ये आहे. लहान मुलाच्या नावावर कर्ज निघालं तर ते अठराव्या वर्षापर्यंत कोणाच्या लक्षात येणार? सोळा वर्षांखालच्या मुलाचं फ्रीझ आईवडिलांना करता येतं. तिचा जन्मदाखला, आमची ओळखपत्रं आणि पत्र अशी तीन पाकिटं आम्ही पोस्टाने पाठवली. एक संध्याकाळ गेली, बस.

परत पुण्या-नाशिकला गेलेल्यांनीही हे करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुमचा व्हिसा संपला तरी सोशल सिक्युरिटी नंबर तुमच्या नावावर राहतो, आणि तुमच्या जुन्या पत्त्यावर आलेलं नकाराचं पत्र तुम्हाला कोणी आणून देणार नाही. निघायच्या आधी, इथला फोन नंबर चालू असतानाच, तिन्ही ठिकाणी खाती उघडून फ्रीझ करून ठेवा. लॉगिनचा कोड त्या नंबरवर येतो. नंबर बंद झाला की परदेशातून ओळख पटवताना फार त्रास होतो.

भाचा आता नोकरीला लागला आहे. पहिलं क्रेडिट कार्ड हातात आलं त्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला होता. पानं उचलायच्या आधी मी त्याला तिन्ही ठिकाणी फ्रीझ करायला लावलं. कार्ड येईपर्यंत थांबलो, कारण त्याआधी त्याची फाइलच तयार झालेली नव्हती.

मागच्या महिन्यात मला पुन्हा एक पत्र आलं. वेगळी बँक, वेगळं कार्ड, कारण तेच, सिक्युरिटी फ्रीझ. माझा सोशल सिक्युरिटी नंबर अजून कोणाच्या तरी हातात आहे. पाकीट हातात धरूनच मी तिन्ही साइट उघडल्या, एकेक करून बघितल्या. तिन्हीकडे फ्रीझ होतं. मग पत्रावर तारीख घातली आणि ते हिरव्या कार्डांच्या फाइलला लावून ठेवलं.