मिठू, कॉकटील की आफ्रिकन ग्रे? घरी पक्षी आणण्याआधी हे बघा

माझ्या भाचीला वाढदिवसाला पोपट हवाय. ताई ठाण्यात घोडबंदरला राहते आणि गेले पंधरा दिवस आमच्याकडे फोनवर हाच विषय चालूय, म्हणून मी जे वाचलं-विचारलं ते एकदा नीट लिहून काढते, तुमच्याही घरी मुलं मागे लागली असतील तर कामाला येईल.

आधी आपला मिठू, लाल चोचीचा हिरवा पोपट. आजीकडे कोपरीला पिंजऱ्यात होता, पेरू आणि हिरवी मिरची खायचा, आणि आम्हा कुणाच्याच डोक्यात कधी आलं नाही की हे बेकायदा आहे. पण आहे! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि त्यात हा पोपट दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं सगळंच गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद नाहीतर १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. विकणारे सांगतात "घरचीच पैदास आहे, काही होत नाही", त्याने काही सुटका होत नाही. आणि खरं सांगू, ही पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढून आणतात, त्यातली किती वाटेतच मरतात, हे कळल्यावर मला तरी आजीचा मिठू आठवून वाईट वाटलं. येऊरच्या बाजूला संध्याकाळी यांचे थवे ओरडत जातात ना, भाचीला आधी ते दाखवायला न्या असं मी ताईला सांगितलं.

तारा कासव पाळणंही असंच बेकायदा, उलट त्याहून वाईट. ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि वर किमान २५ हजार दंड. कुणी वास्तूसाठी म्हणून देत असेल तर सरळ नाही म्हणा.

आता परदेशी पक्षी. इथे लोकांचा घोळ होतो, कारण "परदेशी म्हणजे सगळं चालतं" असं दुकानदार सांगतात. तसं नाहीये. साइटिस नावाचा, धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यातले प्राणी २०२२ च्या दुरुस्तीत चौथ्या अनुसूचीत आले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी घरी आला की ३० दिवसांत परिवेश या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. आफ्रिकन ग्रे हा राखाडी पोपट साइटिसच्या सगळ्यात कडक यादीत आहे, त्याची पैदास करणाऱ्याला वेगळं लायसन्स लागतं, तेव्हा घेण्याआधी ते लायसन्स बघायला मागा, दाखवत नसेल तर तिथून निघा. शिवाय तो चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो, भाची नोकरीला लागेल, लग्न होईल, पक्षी ताईच्याच गळ्यात. बोलतो सुंदर, हे मान्य.

सन कोन्युर हा पोपट दिसायला अगदी केशरी-पिवळा, फोटो बघून भाची त्याच्यावरच अडली होती. नोंदणी त्यालाही लागते, पण माझा खरा आक्षेप आवाजाला आहे, इतका कर्कश की बंद खिडकीतून शेजारी ऐकू जातो, आणि टॉवरमध्ये भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना ते रोज सोसावं लागतं.

राहिले बजरीगर आणि कॉकटील. दोन्ही छोटे पोपट, मूळ ऑस्ट्रेलियाचे, दोन्ही साइटिसच्या यादीत नाहीत, त्यामुळे ही नोंदणी लागत नाही. बजरीगर साधारण पाच ते दहा वर्षं जगतो, जोडीने ठेवायचा. कॉकटील पंधरा-वीस वर्षं, माणसाळतो छान, शीळ घालतो. पावती मात्र घ्याच, आणि दुकान राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेलं आहे का ते विचारा, २०१८ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे.

मला विचाराल तर कॉकटील. ताईलाही तेच पटलंय, फक्त बाल्कनीला जाळी लावून झाल्यावर आणणार आहे, कारण कावळे आणि घारी आहेत.

आणि ज्यांच्या घरी मिठू आधीपासून आहे त्यांनी घाबरून खिडकीतून सोडून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला उडायची आणि खाणं शोधायची सवय नसते, तो मरतो. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करून रीतसर ताब्यात द्या.