फाटक्या नोटांसाठी बट्टा देऊ नका: काही महिन्यांचा अनुभव

आमच्या किराणा दुकानाचा गल्ला मी सांभाळते. दहा-वीसच्या मळक्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटा रोजच येतात. बाजारातला बट्टेवाला अशा नोटा घेतो, पण शंभरामागे दहा रुपये कापतो, नोट जास्त गेलेली असली तर वीस-तीसही. गेल्या उन्हाळ्यापासून मी सगळ्या नोटा बँकेतच बदलून घेते आहे. आता खात्रीने सांगते, ही सोय उत्तम आहे आणि रोजच्या मोजक्या नोटांसाठी फुकट आहे. तुमचं खातं त्या बँकेत नसलं तरी चालतं. पेमेंट बँका आणि स्मॉल फायनान्स बँकांवर तेवढी सक्ती नाही.

आधी आपली नोट मळकी की फाटकी ते ओळखा. वापरून जीर्ण झालेली, किंवा दोन तुकडे होऊनही दोन्ही तुकडे त्याच नोटेचे आणि पूर्ण असतील, तर ती मळकी. अशा नोटा दिवसाला 20 नग आणि 5000 रुपयांपर्यंत काउंटरवर लगेच बदलून मिळतात. काही भाग गायब असेल किंवा दोनपेक्षा जास्त तुकडे असतील तर ती फाटकी, आणि तिचे किती पैसे मिळतील हे उरलेल्या सर्वांत मोठ्या अखंड तुकड्याच्या मापावर ठरतं. वीसपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काही नाही. पन्नास आणि त्यावरच्या नोटांना 80 टक्क्यांहून जास्त भाग असेल तर पूर्ण, 40 ते 80 टक्क्यांत अर्धे पैसे. 2018 पर्यंत पूर्ण पैशांसाठी 65 टक्के पुरायचे. नव्या नोटा आकाराने लहान आल्या, तेव्हा नियम बदलला.

मी हे मोजून पाहिलं. उंदराने कुरतडलेली दोनशेची नोट लेकाच्या आलेखवहीच्या कागदावर ठेवली, पेन्सिलने कडा गिरवली आणि चौकोन मोजले. दोनशेची अख्खी नोट 146 बाय 66 मिलिमीटर, म्हणजे साधारण 96 चौरस सेंटिमीटर. पूर्ण पैशांसाठी 78 लागतात, अर्ध्यासाठी 39. माझी सत्तरीच्या आतबाहेर भरली. बँकेतल्या साहेबांनीही उलटसुलट पाहून शंभरच दिले, ‘पे’चा शिक्का मारला, सही केली. आधी मोजून नेलं की काउंटरवर वाद होत नाही, म्हणून हा खटाटोप करावा असं मी सगळ्यांना सांगते. आणि लहान तुकडा कधीही फेकू नका! पन्नास किंवा त्यावरच्या नोटेचे दोन तुकडे असतील आणि दोन्ही 40 टक्क्यांचे तरी असतील, तर पूर्ण पैसे मिळतात. दुसऱ्या नोटेचा तुकडा चिकटवून मात्र अजिबात नेऊ नका.

त्रास होतो तो शाखेत. एका शाखेत मला “खातं इथं आहे का?” असं विचारून परत पाठवलं, दुसरीकडे “ताई, मेन ब्रँचला जा” एवढंच उत्तर. नियम माहीत होता म्हणून मी थांबले, व्यवस्थापकांना भेटले आणि काम झालं. पण शेजारी उभ्या असलेल्या भाजीवाल्या मावशी निमूट निघून गेल्या होत्या, त्याचं मला फार वाईट वाटलं. बँकेने अशा नोटा नाकारल्या तर तिला दंड होऊ शकतो आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते, हे प्रत्येक काउंटरवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं असायला हवं. एका वेळी पाचपेक्षा जास्त फाटक्या नोटा असतील तर करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने ठेवलेला नोटांचा साठा, असलेली शाखा विचारून तिथेच जा.

आमच्या मोठ्या आईचा डबा मात्र कुठल्याच शाखेत चालणारा नव्हता. धान्याच्या कोठीमागे ठेवलेल्या डब्यात शंभरच्या आणि काही जुन्या पाचशेच्या नोटांचं पुडकं होतं, त्याला वाळवी लागलेली. नोटा एकमेकींना चिकटून पापडासारख्या कडक झाल्या होत्या. अशा ठिसूळ, जळक्या किंवा चिकटलेल्या नोटा थेट रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात, म्हणजे नोटा चलनात सोडणाऱ्या कार्यालयात, न्याव्या लागतात. आम्ही नागपूरला संविधान चौकातल्या कार्यालयात गेलो. घरी मोठी आई चाकूने नोटा सोडवायला बसली होती, तिला मीच थांबवलं, कारण ओढाताणीत भुगा झाला की हातचंही जातं. पुडकं जसंच्या तसं कागदात गुंडाळून नेलं, सोबत आधार कार्ड आणि पासबुक. तिथल्या बाईंनी घाई केली नाही, एकेक थर बघितला. काही नोटांचे पूर्ण पैसे धरले, काहींचे अर्धे, काही नाकारल्या. “तुमच्या जुन्या पाचशेच्या नोटांचं मात्र काही होणार नाही, आजी,” हेही त्यांनी नीट समजावलं. त्या 2016 मध्येच बाद झाल्या. नंतर पैसे खात्यात आले, तेव्हा मोठ्या आईने पासबुकावरून हात फिरवला.

नाण्यांची गोष्ट वेगळी. दहाचं नाणं कुठल्याही नक्षीचं असो, चालतं, हे रिझर्व्ह बँकेने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, तरी आमच्याकडे दुकानदारच घेत नाहीत. मी घेते, आणि शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या भरून खात्यात जमा करते. पन्नास पैसे अजूनही चलनात आहेत. चार आणे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून बंद झाली, ती बँकेत नेऊ नका.

दोन हजारच्या नोटा कोणाकडे उरल्या असतील तर त्या रिझर्व्ह बँकेच्या 19 निर्गम कार्यालयांत चालतात, टपालानेही पाठवता येतात, पैसे खात्यात जमा होतात. जळक्या आणि वाळवीच्या नोटांनाही अशी काही सोय जिल्ह्याच्या ठिकाणच्या चेस्ट शाखेत हवी. आमच्यासारख्यांना नागपूर जवळ आहे. गडचिरोलीच्या पार टोकाला असलेल्या सिरोंच्याच्या माणसाने चारपाचशे रुपयांच्या जळक्या नोटांसाठी नागपूरपर्यंत यायचं म्हटलं, तर भाड्यातच तेवढे पैसे जातात.