सिमेंटचं तळं का शेततळ्याचा कागद? दोन्हींवर पैसे घातलेल्याचं मत

बागेत मोठं तळं करायचंय, आरसीसी (सळई घालून सिमेंट काँक्रीट) करू का कागद (शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लॅस्टिकचा) टाकू, हे गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं म्हणून म्हणलं एकदाच लिहून टाकावं. माझं तळं सोलापुरात होटगी रोडच्या पुढं, 24 बाय 16 फूट, साडेतीन फूट खोल. हिशोबानं 38 हजार लिटर, म्हणजे दहा हजारवाले जवळपास चार टँकर. जमीन काळी, चार-साडेचार फुटावर मुरूम लागतो. मी आधी सिमेंटचं केलं आणि पाच वर्षांनी त्यातच कागद टाकला, त्यामुळं दोन्हीकडची फजिती तोंडपाठ आहे.

सिमेंटचं कौतुक आधी करतो, कारण दिसायला त्याला तोड नाही बगा. सरळ कड, आत उतरायला दोन पायऱ्या, खराटा घेऊन आत उभं राहून घासता येतं, कुत्रं उडी मारू दे नाहीतर पोरं दगड टाकू दे, काय फरक पडत नाही. फक्त नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस पाणी ठेवून क्युरिंग झालं, त्याच पाण्यात मी हौसेनं बारा कोई मासे सोडले आणि दोन दिवसात सगळे उलटे. ते पाणी काढून, घासून, परत भरून असं दोन-तीनदा करावं लागतं, मगच मासे. असो, चूक माझी.

पण खरा त्रास वेगळाच. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, एप्रिलमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. माझ्या तळ्याच्या एका बाजूला लॉन, तिथं रोज पाणी, आणि दुसऱ्या बाजूला नुसतं उघडं रान, म्हणजे एक भिंत ओल्या मातीत आणि समोरची कोरड्या, मग सहा इंची स्लॅब असला तरी तो किती दिवस गप बसणार? तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पाणी रोज कमी व्हायला लागलं. घरचे म्हणाले ऊन आहे, उडून जातंय. आता 42-43 डिग्रीत उडतं हे खरंच, म्हणून मी पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवली, आतली पातळी आणि तळ्याची पातळी खडूनं मार्क केली. दोन दिवसांनी बादलीत बोटभर कमी आणि तळ्यात वीतभर! म्हणजे ऊन नव्हे, गळती.

मग सुरू झालं ते दर वर्षाचं नाटक. तळं रिकामं करा, मासे प्लॅस्टिकच्या टाकीत काढा, टाकीवर ओली पोती टाका, गवंड्याच्या मागं लागा, तो येऊन म्हणणार भिंत आणि तळ जिथं मिळतात तिथला जॉइंट उघडलाय (तळ एका दिवशी ओतला, भिंती दुसऱ्या दिवशी, मधे पाणी अडवणारी पट्टी, वॉटर स्टॉपर, नाही), तिथं टोचून केमिकल भरणार, वाळायला चार दिवस, आणि मग भर मे महिन्यात परत चार टँकर. शेजारी नळाला पाच दिवसांनी पाणी येतंय आणि आपण माशांसाठी टँकर रिकामे करतोय, लोकं बघत उभी राहतात हो, लाज वाटते. पुढच्या वर्षी त्या जॉइंटपासून हातभर अंतरावर नवी चीर. सलग तीन उन्हाळे हे केलं. चौथ्यांदा करायची ताकद नव्हती, बास.

तरी सिमेंटला सरसकट वाईट म्हणणार नाही. माझ्या मेव्हण्याचं बार्शीकडं आहे, पक्क्या मुरमावर, आज सात वर्षं झाली, थेंब गळत नाही. तुमचा खड्डा मुरमात जात असेल तर माझं पुढचं ऐकू नका.

कागदात पण भानगडी आहेत. मी डाळिंबवाले शेततळ्याला टाकतात तोच 500 मायक्रॉनचा एचडीपीई प्लॅस्टिकचा घेतला. ताठ असतो, चौकोनी कोपऱ्यात नीट बसत नाही, घड्या पडतात आणि त्या घड्यांत शेवाळ, पानं, माशांची घाण साठते. ईपीडीएम रबराचा मऊ असतो, छान बसतो, पण किंमत ऐकून मी फोन ठेवला. दुसरं म्हणजे कागद शेवाळलं की भयंकर निसरडा होतो, पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. शेततळ्यांत माणसं बुडतात त्याला हे पण कारण असतं, तेव्हा गाठी मारलेला दोर कायम सोडून ठेवा आणि घरात लहान पोरं असतील तर जाळी लावाच.

भोकाचं म्हणाल तर आजवर एकच पडलं, माळ्याच्या हातातून पहार निसटली. पाणी फूटभर उतरलं आणि त्या भोकाशी येऊन थांबलं, म्हणजे शोधायची पण गरज नाही! एचडीपीईला साधं फेव्हिकॉल-बिव्हिकॉल चिकटत नाही, ब्युटाइल टेपचा पॅच मारला, मासे आतच, तासाभरात काम खल्लास. तळाला भोक पडलं असतं तर मी पण टँकर मोजत बसलो असतो, हे मान्य.

आणि माझा कागद जुन्या सिमेंटवर पडलाय, त्याला खालून घुशीची भीती नाही, तेव्हा माझा अनुभव थोडा लाडावलेला समजा. पण सांगोल्याला चुलतभावाचं शेततळं सरळ मातीवर आहे, सहावं वर्ष चालू आहे, आतले चिलापी मासे मजेत. खर्च मला सिमेंटच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पडला. काळ्या रानात परत करायची वेळ आली तर सिमेंट नाही करणार, एवढंच सांगतो, बाकी तुमची जमीन तुम्हाला माहीत.

कागदच घेणार असाल तर माप असं धरा: लांबी अधिक दुप्पट खोली अधिक तीन फूट, रुंदीचं पण तसंच. माझा 34 बाय 26 लागला. खाली अंथरायला जुन्या चादरी घालायचा सल्ला मिळेल, सोलापुरात चादरींना काय तोटा, पण सुती कापड कुजतं. जिओटेक्स्टाईल (न कुजणारं जाड कापड) घ्या, नाहीतर जुने फ्लेक्स. माझ्या तळ्याखाली कुठल्या कुठल्या भाऊंचे तीन वाढदिवस पडलेत, एकदम टिकाऊ. अंथरायचं काम सकाळी करा आणि थोडं ढिलं सोडा, दुपारच्या उन्हात ताणून बसवलं तर रात्री आकसतं. पाण्याच्या वर जी कड उघडी राहते ती उन्हानं आधी मरते, तिच्यावर शहाबादी फरशी ठेवा. सप्टेंबरच्या पावसात तळं रिकामं ठेवू नका, खाली पाणी शिरलं की कागद पोटासारखा फुगतो.

आणि पूर्ण भरेपर्यंत कड कापू नका. मी अर्ध्यावरच कात्री चालवली, उत्तरेच्या कोपऱ्यात सहा इंच कमी पडला, म्हणून आमच्याकडं पाणी कायम वीतभर खाली असतं.